आधी पाणी, मग हात

सकाळी साडेसहाला शहरातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहावं. गाड्या पुसणारा माणूस हातात बादली आणि खांद्यावर फडका घेऊन रांगेने निघालेला असतो. नऊच्या आत पंधरा गाड्या उरकायच्या असतात. पहिल्या गाडीला पाणी नितळ असतं, सातव्या गाडीला ते चहाच्या रंगावर येतं आणि बाराव्या गाडीला फडका पिळला की बादलीच्या तळाशी वाळू कुरकुरते. बाराव्या गाडीचा मालक खाली येतो तेव्हा गाडी ओलीगार, चकचकीत दिसत असते. तो खूश असतो.

हीच गाडी रात्री बघावी. मोबाइलचा टॉर्च बोनेटपासून हातभर वर धरला की उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं, कोळ्याने विणल्यासारखं. खरं तर त्या रेघा आडव्यातिडव्या, कशाही पडलेल्या असतात. त्यातल्या उजेडाला आडव्या येणाऱ्याच चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर टॉर्चही लागत नाही, सकाळचं तिरपं ऊन पुरतं. पांढऱ्या गाडीवरही हे जाळं असतंच, पण पांढरा रंग बरेच अपराध पोटात घालतो.

गाडीचा रंग गेला की आपण उन्हाला आणि पावसाला बोल लावतो. त्यांचा हात त्यात असतो, नाही असं नाही. पण ऊन सोडलं तर हवामान बहुतेक वेळा रंगावर काहीतरी आणून ठेवतं, एवढंच करतं: धूळ, मीठ, पाखरांची शीट, झाडाचा चिकटा, चिखल. त्यातलं बरंचसं तसंच बसून राहिलं तर काही तासांत किंवा काही दिवसांत रंगाला लागतं. आणि यातलं काहीही घाईघाईने कोरडं खरवडलं तर त्याच क्षणी लागतं. धुळीने माखलेली गाडी आठवडाभर उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. धूळ जागेवरून हलली की मात्र ओरखडे उठतात, आणि ती हलवतो आपण.

हे समजायला रंग किती जाड असतो ते बघायला हवं. पत्र्यावर सगळ्यात खाली फॉस्फेटचा लेप असतो. त्यावर गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने चढवलेला गंजरोधक थर, साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग प्रायमर ३० ते ३५, मग खरा रंग १५ ते २०, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. गॅरेजमध्ये याला लॅकर म्हणतात. सगळं मिळून १०० ते १२५ मायक्रॉन. प्लॅस्टिक पिशव्यांवरच्या बंदीमुळे ५० मायक्रॉन हा आकडा आपल्या घराघरांत पोचलेला आहे. भाजीवाला जी पिशवी द्यायला कचरत असे, तेवढ्या जाडीच्या पापुद्र्यावर गाडीची सगळी चमक अवलंबून असते. उन्हातली अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही मुख्यतः याच पापुद्र्यात असतात.

म्हणून दर सहा महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारे लोक पाहिले की काळजी वाटते. रबिंग म्हणजे क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूची जमीन खाली जाते. मशीनला लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड लावलं तर एका फेरीत ३ मायक्रॉन सहज जातात. वर्षाला दोन फेऱ्या धरल्या तर पाच वर्षांत ३० मायक्रॉन झाले. मूळचा थर ४० चा असेल तर उरले १०, आणि तेही पत्रा सपाट असेल तिथे. बोनेटच्या कण्यावर आणि दाराच्या कडांवर पॅडचा दाब जास्त पडतो, तिथे थर आधी संपतो. मग एका मे महिन्यात छतावर पांढुरके चट्टे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात सुटलेल्या सालीसारखे पोपडे निघतात. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही. घासून, रंग आणि लॅकर नव्याने मारणं एवढाच उपाय राहतो. पूर्वीच्या फियाट-अम्बॅसडरला रंग आणि चमक एकाच थरात असायची. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, त्यामुळे आपण काय खर्च करतोय ते डोळ्यांना दिसायचं. आताच्या गाडीला फडका पांढराच राहतो आणि हिशेब लागत नाही.

आता पुसणाऱ्याचं काय करायचं? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि वेळेत तो जे करतो ते ठीकच आहे. त्याच्याकडे आपले दोन मायक्रोफायबर द्यावेत, ३०० ते ४०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे), आणि ते आपल्याच गाडीला वापरायला सांगावेत. बागेत औषध फवारायचा दोन लिटरचा हातपंप डिकीत ठेवून द्यावा. रोज फक्त काचा, आरसे आणि नंबरप्लेट. अंगाला हात आठवड्यातून एकदाच, तोही आधी पंपाने सगळीकडे पाणी मारून, दोन मिनिटं थांबून, वरून खाली सरळ रेषेत. गोल गोल फिरवणं बंद. पैसे तेवढेच द्यायचे आणि काम कमी सांगायचं, हे त्याला पहिले काही दिवस पटत नाही. कोणी तरी तक्रार करील या भीतीने तो गुपचूप एक हात मारून जातो. थोडी चिकाटी लागते. डॅशबोर्डशेजारी खोचलेली ती मेणाच्या दोऱ्यांची झटकणी मात्र आतल्या डॅशबोर्डपुरतीच ठेवावी. कोरड्या बोनेटवर तिचं काम फडक्याहून वेगळं नसतं.

स्वतः धुणार असाल तर पंचवीस-तीस लिटर पाणी पुरतं, पाइप सोडून द्यायची गरज नाही. गाडी सावलीत हवी आणि पत्रा तळहात टेकवून ठेवता येईल इतका निवलेला हवा. तापलेल्या बोनेटवर शाम्पू वाळून त्याचेच डाग पडतात. चाकं आधी, वेगळ्या फडक्याने, कारण ब्रेकमधून निघालेली लोखंडाची भुकटी तिथेच बसलेली असते. मग दोन बादल्या, एकीत दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. भांड्यांचं लिक्विड वापरू नये, ते तेलाबरोबर मेणाचा लेपही उतरवतं. आधी नुसत्या पाण्याने सगळी सुटी माती उतरवायची. या एका पायरीवर निम्मं यश आहे आणि कंटाळा आला की लोक नेमकी हीच गाळतात. नंतर छत, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि अगदी शेवटी दारांची खालची वीतभर पट्टी. एका पॅनेलचा हात झाला की फडका आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी जो गाळ बसलेला दिसतो, तो एरवी पुढच्या दारावर घासला गेला असता. फडका खाली पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. झटकून चालत नाही, मायक्रोफायबरची रचनाच कण धरून ठेवायची असते. आणि ते धुताना कपड्यांचा सॉफ्टनर घालू नये, त्याने तंतू बुजतात आणि फडका पाणी पीत नाही.

पाणी कुठलं, हा प्रश्न धुण्याइतकाच महत्त्वाचा आहे. बोअरच्या जड पाण्याचा थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मात्र गोल कड्याच्या रूपात उरतात. बाथरूमच्या नळावर बसतो तोच हा पांढरा थर. ताजे असताना हे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जातात. फडका भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवायचा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. दोनचार उन्हं खाल्लेला डाग मात्र लॅकरमध्ये खड्डा करून बसतो, तो पॉलिशशिवाय जात नाही. काटकसर म्हणून आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरायची पद्धत आता घरोघरी आहे. हेतू चांगला, पण आरओ पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून या टाकाऊ पाण्यात टाकतो, म्हणजे ते नळाच्या पाण्याहून जड असतं. चाकांना आणि पायपुसण्यांना चालेल, शेवटच्या हाताला नको. शेवटच्या हाताला उत्तम पाणी घरात वेगळ्याच ठिकाणी ठिबकत असतं. एसीच्या नळीखाली बादली ठेवली तर मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत ती बरीच भरते, आणि ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. पावसाळ्यात पागोळीचं पाणीही तसंच. पहिली पंधरा-वीस मिनिटं छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, मग बादली लावायची. चार-पाच लिटर छतावरून हळू ओतलं की गाडी अंगचीच निथळते. मोठा टॉवेल पत्र्यावर पसरून नुसता ओढून घेतला की वाळवणं संपलं, घासायला काही उरत नाही.

झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची गोष्ट निराळी. सावलीचा मोह आपल्याकडे समजण्यासारखा आहे, पण कुठलं झाड आणि कुठला महिना याचा विचार करावा. पौष-माघात आंब्याला मोहर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून साखरेसारखा पातळ चिकट स्राव गळतो. बागायतदार त्याला चिकटा म्हणतात. झाडाखालच्या गाडीवर सकाळी बारीक चकाकणारे थेंब दिसतात, बोट लावलं तर चिकटतं. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी धरते. मुंबईच्या रस्त्यांवरच्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण आला की तोच प्रकार. चिकटा साखरेचा असल्यामुळे कोमट पाण्यात विरघळतो. भिजवलेला फडका पाच मिनिटं पसरून ठेवला तर बहुतेक जातो. झाडाचा डिंक मात्र पाण्याला दाद देत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन टिपावं लागतं. ज्येष्ठात जांभळं आणि सदासर्वकाळ वटवाघळं असलेल्या झाडांबद्दल काय बोलावं!

शीट हा तर स्वतंत्र अध्याय आहे. ती आम्ल असते म्हणून रंग जळतो, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. दुपारी तापलेला लॅकर किंचित मऊ होऊन फुगतो. वर शीट वाळून टणक होते. रात्री लॅकर निवून आक्रसतो, तेव्हा त्याला शीटच्या कडेचा आणि खरबरीत तळाचा आकार घ्यावा लागतो, साच्यात ओतल्यासारखा. म्हणून शीट काढल्यावर डागाऐवजी एक मंद ठसा दिसतो. पुसून काही निघत नाही, कारण निघण्यासारखं तिथे काही नसतं. उन्हाळ्यात हे एका दिवसात घडतं. उपाय अगदी साधा आहे. डिकीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि टिश्यूची गड्डी ठेवायची. टिश्यूची घडी भिजवून शीटवर ठेवायची, दहा मिनिटांनी चिमटीत उचलायची, ओढायची नाही. धान्य टिपणाऱ्या पाखरांच्या शीटीत बारीक खडे असतात. ती ओढली की चरा गेलाच. महामार्गावर बंपरला आणि आरशांना चिकटलेल्या किड्यांनाही हीच ओली घडी.

उन्हाबद्दल थोडं. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी काळं बोनेट ७० अंशांच्या पुढे जातं. त्या तापमानाला ब्राझीलच्या ताडाच्या पानांपासून निघणारं कार्नौबा मेण फार दिवस टिकत नाही. ते वितळतं ८२-८६ अंशांना, पण त्याच्या खूप आधी मऊ होऊन धूळ धरू लागतं. नागपूर-चंद्रपूरकडे पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम लेप, बरा, चार ते सहा महिने जातात. पुण्या-नाशकाकडे मेणही चालेल, पण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी हवी. कुठलंही लावा, एका दाराला बोटाच्या एका पेराएवढंच पुरतं. जाड थर दिला तर जास्त टिकत नाही, नुसतं पुसताना दमायला होतं. आणि आधी पत्रा गुळगुळीत हवा. धुतलेल्या पत्र्यावरून प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बोटं फिरवावीत. पिशवीमुळे खरखर कित्येक पटींनी जाणवते. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, दाब न देता. क्लेचा गोळा खाली पडला तर तो फेकायचा, कितीही महाग असला तरी.

कव्हरविषयी मत प्रतिकूल आहे. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर, वारा नसलेल्या जागी, हवा खेळणारं कव्हर उत्तम. पण ही चारही पथ्यं पाळली जातात कुठे? धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडत राहतं आणि रात्रभर बारीक पॉलिश पेपर फिरावा तसं आरशाजवळ, छताच्या कडांवर फिरतं. पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हराखाली वाफ कोंडते. दिवाळीत तर कव्हर काढूनच ठेवावं. रॉकेटची ठिणगी उघड्या पत्र्यावर पडली तर बहुतेकदा विझते, नायलॉनच्या कव्हरावर पडली तर ते वितळून रंगाला चिकटतं.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना दोनच गोष्टी सांभाळाव्यात. झेंडूच्या हाराला तार असते. ती आरशाला बांधून लोक महामार्गावर निघतात आणि हार दोन तास दारावर आपटत असतो. आणि बोनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक. हळदीचा डाग उन्हाने आपोआप फिका पडतो, पण बाजारच्या कुंकवातला कृत्रिम रंग तेलात कालवलेला असेल तर पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली उरते. काचेवर काढलेला स्वस्तिक देवाला चालतो, असं आमचं नम्र मत.

कोटिंगच्या जाहिरातींनी लोक गोंधळतात, म्हणून दोन आकडे पुरेसे आहेत. सिरॅमिक कोटिंगची जाडी १-२ मायक्रॉन, पीपीएफची, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मची, १५० ते २००. पहिलं पाणी आणि मळ चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, रसायनांपासून थोडं वाचवतं. खडा उडाला तर ते काहीच करू शकत नाही, २ मायक्रॉनने काय अडणार! त्यावर लिहिलेला ‘९ एच’ हा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचा मापक आहे, हिऱ्याच्या नाही. दुसरी खरोखरची कातडी आहे, खडा झेलते, बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने स्वतः भरून काढते, आणि म्हणूनच महाग पडते. अख्ख्या गाडीला न लावता पुढचा बंपर, बोनेट, आरसे आणि दाराच्या हँडलमागची वाटी, जिथे नखं लागतात, एवढ्याला लावली तरी बरंच साधतं. फक्त ती टीपीयूची (लवचीक पॉलियुरेथेनची) हवी, पीव्हीसीची स्वस्त फिल्म दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते. कोटिंगवाल्याला काम सुरू करण्याआधी थिकनेस मीटर लावून दाखवायला सांगावं. १०० ते १४० मायक्रॉन म्हणजे कंपनीचा रंग, २०० च्या वर म्हणजे पुन्हा मारलेला, ५०० च्या पुढे गेलं की आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. ८० च्या खाली दिसलं तर घासू देऊ नये. आणि ज्या गाडीला उद्या सकाळी तोच बादलीतला फडका लागणार आहे, तिच्यावर यातलं काही करण्यात हशील नाही.

रस्त्याचं म्हणाल तर मुंबईकराची गाडी वर्षातले निम्मे घाव भाद्रपदातल्या आठ दिवसांत खाते. गणपतीला निघालेल्या गाड्यांची रांग, मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे, खड्ड्यांत घाईने टाकलेली खडी, आणि गावाजवळ पोचल्यावर पाणंदीतल्या करवंदीच्या जाळ्या. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा बोनेटच्या नाकाला आणि काचेच्या वरच्या छताच्या कडेला लागतो. आपल्याच पुढच्या चाकाने उडवलेला दाराच्या खालच्या पट्टीला आणि मागच्या मडगार्डला. दुसऱ्या प्रकाराला काहीशे रुपयांचे मडफ्लॅप पुरतात, आणि कितीतरी नव्या गाड्या त्यांच्याशिवाय फिरतात. पहिल्याला अंतर आणि वेग. दणका वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी ६० ने गेलं तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. खडीचा डंपर पुढे असेल तर चहाला थांबावं.

खडा लागलेला ठिपका आधी नीट बघावा. आत राखाडी दिसत असेल तर प्रायमरपर्यंत गेलंय, आठवडा हातात आहे. चकाकी किंवा तांबूस दिसत असेल तर पत्रा उघडा पडलाय, आणि कोकणातल्या भाद्रपदात उघडा पत्रा एका रात्रीत तांबारतो. बंपरवरचा ठिपका महिनाभर थांबू शकतो, प्लॅस्टिकला गंज कुठला! गावात टच-अपची बाटली नसेल तर ठिपका कोरडा करून त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावावा आणि परतल्यावर काढावा. नेलपॉलिश टाळलेलं बरं, पुढे ते काढायला अॅसिटोन घेतलं की शेजारचा लॅकर मऊ पडतो.

मग खरं काम. गाडीचा रंग-क्रमांक ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं ‘पांढरा’ म्हणून बाटली आणली तर हटकून दुसरा पांढरा येतो. ठिपका अल्कोहोलने पुसावा. गंज असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा छोटा गोल कापून पेन्सिलीमागच्या खोडरबराला चिकटवावा आणि ठिपक्यातच पीळ देत फिरवावा, चांदीसारखा पत्रा दिसेपर्यंत. बाटलीच्या झाकणाचा ब्रश हे या कामातलं सर्वांत वाईट हत्यार, त्याने ठिपक्याचा ढेकूळ होतो. टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा थेंब ठिपक्याच्या मधोमध ठेवायचा, तो आपसूक कडेपर्यंत पसरतो. अर्ध्या तासाने रंगाचा पहिला पातळ थर, आणखी अर्ध्या तासाने दुसरा. वाळताना तो खाली बसतो, म्हणून घाबरून एकदम भरायचं नाही. दुसऱ्या दिवशी लॅकर, कडेपेक्षा केसभर वर. दमट हवेत लॅकरवर धुरकट पांढरी झाक येते, तेव्हा उघडीप बघून हे करावं. आठवड्याने २५०० च्या कागदाने ओलं घासून सपाट करता येतं, पण हात बसलेला नसेल तर तिथेच थांबावं. हातभर अंतरावरून दिसला नाही म्हणजे टच-अप जमला.

उरलं मीठ. समुद्राची खारी हवा लॅकरला सहसा काही करत नाही, ती फट शोधते. मिठाला हवेतला ओलावा खेचायची खोड असते, त्यामुळे सांध्यात बसलेलं मीठ पाऊस नसतानाही पत्रा ओला ठेवतं. त्यात कोकणची जांभ्याची लाल माती मडगार्डच्या आतल्या वळणावर थापली गेली की ती भिजलेल्या पोटिसासारखी आठवडेच्या आठवडे ओली राहते. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांनी त्याच दिवशी, रात्र होण्याआधी, साध्या गोड्या पाण्याने खालून दहा मिनिटं धुवावं. वॉशिंग सेंटरवर यानंतर ‘खालून डिझेल मारू का’ असं विचारतात. नको म्हणावं. त्याने रबरी बुश फुगतात आणि धूळ डकते. गाडीला खालून रबरी लेप द्यायचाच तर मेमध्ये, खडखडीत वाळलेल्या आणि घासलेल्या पत्र्यावर. ओल्यावर दिला तर गंज आत सुखाने वाढतो.

आणि लेप देणाऱ्याने पुष्कळदा बुजवलेली, नाहीतर चिखलाने बुजलेली एक जागा असते, जिकडे कोणी बघत नाही. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन बोटभर फटी असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या तुंबल्या की दार आतून हौदासारखं भरतं आणि रंग बाहेरून नवाकोरा असताना पत्रा आतून सडत येतो. खालच्या कडेला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. परत आल्यावर एकदा दार उघडून, गुडघ्यावर बसून, नारळाच्या झावळीचा एक हीर प्रत्येक फटीत हलकेच फिरवावा. लोखंडी तार नको, ती आतला रंग खरवडते. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग हीर जरा आत जातो, आणि मनगटावरून लाल पाण्याची धार ओघळते.